विहिरीची नांगरट

सकाळी साडेदहाला लोखंडी जिना वाजायला लागला, तेव्हा रोहिणी खंदारेला वाटलं, कुरिअरवाला असेल. परभणीत वसमत रोडला टायरच्या दुकानावर असलेल्या त्या ऑफिसात दुसरं कोणी फारसं येत नसे. मालक, चार माणसं, पाच कॉम्प्युटर आणि मनात आलं तर फिरणारा एक पंखा, एवढाच तिथला संसार. पण वर आली ती साठीच्या आसपासची एक बाई. हिरवं लुगडं, खांद्याला नायलॉनची पिशवी आणि मुठीत गुंडाळून धरलेला कागद. तिनं दारातच दम खाल्ला, सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं,

"हिरीत नांगर घालायला कोनी सांगितलं? त्याला बघायला आलेय मी."

कोणालाच काही उमगलं नाही. नागसेन सर, म्हणजे या छोट्या कंपनीचे मालक, खुर्चीतून उठले. "बसा मावशी. कुठून आलात?"

"पाथरीच्या पल्याडून. पैल्या येष्टीनं निघाले. गोजरबाई नाव हाय माझं." ती बसली, पण कागद काही सोडला नाही. "पाथरीला ते माती-पानी तपासायचं दुकान हाय ना, रामहरीचं? तितं हिरीचं पानी दिलं होतं बाटलीत. त्यानं हा कागद दिला. मी त्याला म्हन्लं, बाबा, हे काय लिवलंय? तर म्हनला, कॉम्प्युटरनं काढलंय, कॉम्प्युटरचं काम परभनीवाले करतेत, त्यांना इचारा. म्हनून आले."

रामहरीच्या तपासणी केंद्राचं सॉफ्टवेअर याच ऑफिसानं केलेलं होतं. सरांनी कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचला.

"नमुना: विहिरीचे पाणी. सल्ला: सामू जास्त आहे. एकरी पाच गाड्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळ्यात एक खोल नांगरट करावी."

पलीकडच्या टेबलावरची राजेश्री फस्सकन हसली आणि लगेच तोंडावर ओढणी धरून बसली.

"हस, माय, हस," गोजरबाई म्हणाल्या. "गाव दोन दिस झालं हसायलंय. आमची जाऊ तानुबाई तर म्हनली, कॉम्प्युटरचा कागद खोटा कसा असंल, त्यात काईतरी असंल. तिच्या लेकानं शेनखत भरायला ट्रॅक्टर लावला होता हिरीपाशी. मी आडवी झाले म्हनून राहिलं, न्हाई तर आज पानी प्यायची सोय राहिली नसती."

रोहिणीच्या हातातलं बिस्कीट एव्हाना चहात विरघळून गेलं होतं. काय झालं असेल याचा तिला अंदाज आला होता, आणि कोणी केलं असेल याचा तर अंदाज करायचीही गरज नव्हती.

गोष्ट अशी होती. रामहरीकडे तीन प्रकारच्या तपासण्या होत: मातीची, पाण्याची आणि पिकाच्या पानांची. त्यांच्यासाठी कोडही तीन होते आणि तिन्ही सख्ख्या भावांसारखे सारखे. नमुना नोंदवा, आकडे भरा, सल्ला काढा, कागद छापा. आधीच्या माणसानं मातीचा लिहिला आणि उरलेले दोन त्यावरून उतरवून काढले. तो पुण्याला निघून गेला आणि ते तिघं रोहिणीच्या गळ्यात पडले. जूनमध्ये रामहरीनं सांगितलं, कागदावर शेतकऱ्याच्या नावाखाली गावाचं नाव पाहिजे. एवढीशी गोष्ट, पण तीन ठिकाणी करावी लागली, आणि पानाच्या कोडमध्ये करायची राहून गेली. त्यावरून बोलणी खाल्ली. मग तिनं ठरवलं, हे तीन संसार मोडायचे आणि एकच मांडायचा.

आणि मांडलाही. कॉम्प्युटरच्या त्या भाषेत सगळ्या वस्तूंना मिळून एक सगळ्यांत वरचं नाव असतं, ऑब्जेक्ट. माती ऑब्जेक्ट, पाणी ऑब्जेक्ट, पानही ऑब्जेक्टच. तिनं एकच अहवाल लिहिला आणि त्याला सांगून ठेवलं, ऑब्जेक्ट येईल, बिनधास्त घे. आकडे बघून सल्ला निवडणारा एकेक तुकडा तिघांनाही होता, त्याचं नाव तिनं सल्लागार ठेवलं होतं. त्यालाही तेच सांगितलं. अडीच हजार ओळी पुसल्या गेल्या. पिंगळीला घरी जाताना त्या दिवशी तिला गाडीत उभं राहावं लागलं, तरी ती हसतच होती. सरांनी भजी मागवली होती, वर म्हणाले होते, "रोहिणी, झाडून स्वच्छ केलंस बघ घर."

आणि त्या स्वच्छ घरातून हा कागद निघाला होता.

ती उठून गोजरबाईंसमोर आली. "मावशी, ते मीच लिहिलंय. चूक माझी हाय."

गोजरबाईंनी तिला वरून खाली पाहिलं. त्यांच्या मनात बहुधा एखादा चष्मेवाला जाडा साहेब होता. ही तर पंचविशीची, काडीसारखी पोरगी. त्यांचा अर्धा राग तिथंच ओसरला.

"तू व्हय? अन् तुला कळत न्हाई का, हीर नांगरत नसतेत ते?"

"मला कळतंय, मावशी. कॉम्प्युटरला मी सांगायचं राहिलं."

रोहिणीनं कोड उघडला. दहा मिनिटांत ओळ सापडली. ज्यांना घाई असते त्यांच्यासाठी रामहरीकडे 'तातडीचा अहवाल' म्हणून वेगळी जागा होती. तिथली पाण्याची ओळ तिनं मातीच्या ओळीवरून उचलली होती. नमुना बदलला, पण सल्लागार बदलायचा राहिला. म्हणजे पाणी गेलं ते थेट मातीच्या सल्लागारापुढं. त्यानं पाहिलं, सामूचा, म्हणजे पीएचचा, आकडा आहे का? आहे. पाण्यालाही सामू असतो आणि मातीलाही. त्यानं आकडा वाचला, जास्त दिसला, आणि इमानेइतबारे नांगरट सांगितली. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? समोर काय आलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"एका ओळीचं काम आहे," सर मागे उभे राहून म्हणाले. "बदल, मावशींना नवा कागद काढून दे. पाया पडून माफी माग आणि मोकळी हो."

तिनं ओळ बदलली. "झालं, मावशी. आता कागद काढते."

"झालं? एवढ्यात?"

"हो. एकच शब्द चुकला होता."

गोजरबाईंना ते काही पटलं नाही. "दोन दिस गाव मला हसलं, अन् तू दोन मिन्टात मोकळी झालीस. असंच अजून कुठं झालंय का न्हाई, हे कशावरून?"

रोहिणीचा हात थांबला. खोटं बोलणं सोपं होतं. समोरच्या बाईला त्यातलं काही कळणार नव्हतं.

"मला माहीत न्हाई," ती म्हणाली.

"मग कळंल कसं?"

"कोणीतरी तुमच्यासारखं कागद घेऊन आलं की."

"मंजे हातात कागद पडल्यावर. त्यानं हिरीत शेनखत टाकल्यावर." गोजरबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, म्हणजे मुक्काम ठोकला. "अन् समदेच काई भांडायला येत नसतेत, माय. निम्मे तर गुमान टाकून देतेत. कागद निघायच्या आधी कळायची काई सोय न्हाई का तुमच्यात?"

सोय होती. रोहिणीला ती माहीतही होती. नांदेडला एमसीए करताना जेनेरिक टाइप, म्हणजे नाव रिकामं ठेवून लिहायचे प्रकार, म्हणून एक धडा होता. परीक्षेत त्यावर आठ मार्कांचा प्रश्न आला आणि तिला सात पडले. व्याख्या पाठ, फायदे पाठ, उदाहरण पाठ. पण तो धडा कशासाठी लिहिला गेला होता, हे तिला आज या हिरव्या लुगड्यातल्या बाईनं विचारल्यावर लख्ख दिसलं.

"सर," ती म्हणाली, "मला दुपारपर्यंत वेळ द्या."

"अगं, शुक्रवारी दुसरं काम द्यायचंय."

"ते शुक्रवारी देते. पण हे आज करते."

सरांनी गोजरबाईंकडे पाहिलं. गोजरबाई म्हणाल्या, "माझी येष्टी चारला हाय. मी बसायलेय इथंच." सरांनी खाली जाऊन चार चहा सांगितले.

रोहिणीनं कामाला हात घातला आणि गोजरबाईंनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली. स्क्रीनवर काय चाललंय ते त्या अशा बघत होत्या, जसं कोणी आपल्या विहिरीच्या खोदकामावर बसून बघतं.

"काय करायलीस ते सांगत जा. नुस्तं टकटक नको."

"आत्तापर्यंत मी अहवालाला म्हणत होते, काहीबी येऊ दे, घे. आता म्हणणार, काहीबी येऊ दे, पण काय येणार ते आधी सांग. अन् एकदा पाणी म्हटलं की शेवटपर्यंत पाणीच."

"मंजे बाजारात एकदा बोली झाली की माल बदलायचा न्हाई."

"अगदी तसंच."

"मग हे आधी कामून न्हाई केलंस?"

रोहिणी हसली. "सात मार्क पडले होते ना, म्हणून."

तिनं अहवालाच्या नावापुढं टोकदार कंस काढला आणि त्यात एकच अक्षर लिहिलं, टी. मग नमुन्यापुढं तेच, सल्लागारापुढंही तेच.

"हे कोन?" गोजरबाईंनी बोट टेकवलं. स्क्रीनवर बोटाचा ठसा उमटला.

"कोणीच न्हाई, मावशी. रिकामी जागा हाय. जो येईल त्याचं नाव तिथं बसणार. माती आली तर माती, पाणी आलं तर पाणी. कोड मात्र एकदाच लिहायचा, तीनदा न्हाई. पण नमुन्यात पाणी बसलं, तर सल्लागारातबी पाणीच बसलं पाहिजे. दोन्हीकडं अक्षर एकच हाय."

"अन् न्हाई बसलं तर?"

"तर कंपायलर तिथंच अडवतो. कंपायलर म्हणजे मी लिहिलेलं तपासून मगच कॉम्प्युटरला चालवायला देणारा. आत्तापर्यंत त्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती मी."

तिनं शेवटचा कंस बंद केला आणि कोड तपासायला लावला. क्षणभर काहीच झालं नाही. मग स्क्रीनभर लाल रेघा फुटल्या. खाली आकडा आला: एक्केचाळीस चुका.

"आगं माय माय!" गोजरबाई उभ्याच राहिल्या. "समदंच बिघडवलंस की!"

मागून सरही धावत आले. "रोहिणी, काय केलंस?"

पण रोहिणी आनंदानं त्या रेघांकडे बघत होती. "काही बिघडलं नाही, सर. या एक्केचाळीस जागा आजपर्यंत गप्प होत्या. आता विचारायल्यात, आमच्याकडं नेमकं काय येणार ते सांगा."

बहुतेक जागा भल्या होत्या. इथं माती येणार, असं लिहिलं की लाल रेघ जाई. इथं पाणी, इथं पान. गोजरबाई मोजत होत्या. पस्तीस. तीस. बाविसावर त्यांनी पिशवीतून डबा काढला. ज्वारीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. "खा. उपाशी मानसाच्या हातून अजून चुका व्हतेत." राजेश्रीनं आपली खुर्ची सरकवत आणली. सगळ्यांनी मिळून त्या धपाट्यांचा फडशा पाडला, आणि सकाळी हसल्याबद्दल राजेश्रीनं हळूच मावशींची माफीही मागून घेतली.

नऊवर गाडी अडकली.

रामहरीच्या स्क्रीनवर 'आजचे सगळे नमुने' अशी एक यादी असे. तिच्यात माती, पाणी, पान सगळं एकाखाली एक यायचं. आता त्या यादीला काय सांगायचं? माती म्हणावं तर पाणी बसत नाही, पाणी म्हणावं तर पान बसत नाही. रोहिणीनं एक करून पाहिलं, दुसरं करून पाहिलं. लाल रेघा नऊच्या चौदा झाल्या. दीड वाजला. शेजारी गोजरबाईंचा डोळा लागला होता, त्यांची मान पंख्याच्या वाऱ्यावर हळूहळू डुलत होती.

ती बेजार झाली. मग तिच्या मनात आलं, एवढ्या एका ठिकाणी ऑब्जेक्ट म्हणून टाकावं. सगळ्या रेघा जातील. चारच्या एसटीपर्यंत सगळं उरकेल. मावशी झोपल्यात, सर बँकेत गेलेत, कोणाला कळणार नाही. तिनं तो शब्द लिहिलाही. रेघा लुप्त झाल्या. आणि तिला एकदम आठवलं की, दोन महिन्यांपूर्वीही अशाच रेघा नव्हत्या, स्क्रीन असाच स्वच्छ होता. तिनं शब्द पुसला.

"काय अडलंय?" राजेश्रीनं विचारलं.

रोहिणीनं सांगितलं. राजेश्री या कामात नवीन, पण डोकं शाबूत. ती थोडा वेळ यादीकडे बघत राहिली. "ताई, त्या यादीत सल्ला लागतो का?"

"नाही. नुसती यादी आहे."

"मग काय लागतं?"

"नाव, गाव, नंबर..." रोहिणी बोलता बोलता थांबली. "नाव, गाव, नंबर! बस्स! तेवढंच लागतं."

माती असो, पाणी असो, पान असो, नाव-गाव-नंबर सगळ्यांनाच असतो. तिनं त्याचा वेगळा एक टाइप, म्हणजे प्रकार, बनवला. त्याचं नाव नोंद. तिन्ही नमुन्यांना सांगितलं, तुम्ही सगळे नोंद आहात. यादीला सांगितलं, तुला फक्त नोंद दिसेल, तिच्या आत डोकावायचं नाही, आणि सल्ला तर काढायचाच नाही. आणि त्या रिकाम्या टीलाही बजावलं, इथं कोणीही उपरा बसायचा नाही, जो नोंद असेल तोच बसेल. रेघा भराभर गळाल्या. राजेश्रीनं टाळी मागितली. त्या आवाजानं गोजरबाई जाग्या झाल्या.

"किती राहिल्या?"

"दोन."

या दोन मात्र हलेनात. पहिली रोहिणीला ओळखू आली. सकाळची गोजरबाईंची ओळ तिनं मुद्दाम जुन्यासारखी करून ठेवली होती, नवा बंदोबस्त ती पकडतो का हे बघायला. पकडली होती. कंपायलर साफ सांगत होता, पाण्याच्या अहवालाला मातीचा सल्लागार चालणार नाही.

"ही माझी व्हय?" गोजरबाईंना फार बरं वाटलं. "अन् दुसरी?"

दुसरी रोहिणीनं पूर्वी कधी पाहिली नव्हती. जुना कागद पुन्हा छापून देण्याची जी जागा होती, तिथली. ती वाचून तिनं कपाळावर हात मारला. कोड इंग्रजी अक्षरांत लिहायचा. पान आणि पाणी यांच्यात त्या अक्षरांत शेवटच्या एका 'आय' अक्षराचाच फरक. पानाच्या अहवालाला तिनं पाण्याचा सल्लागार देऊन ठेवला होता.

"मंजे मी म्हन्लं तसंच झालं," गोजरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात फुशारकी नव्हती, काळजी होती. "कुनाला गेला का तसा कागद?"

रोहिणीनं नोंदी चाळल्या. पाण्याचा तातडीचा अहवाल गोजरबाईंचा एकच निघाला होता. दोन महिन्यांत पानाचा अहवाल एकदाच पुन्हा छापला गेला होता. मोसंबीची पानं. नाव सुग्रीव, गाव पालमजवळचं, कारण: पहिला कागद पोचलाच नाही. पाण्याच्या सल्लागाराला पानाचे आकडे कळले नसणार, आणि आकडे कळले नाहीत तर काय सांगायचं हे तिनंच त्याला शिकवून ठेवलं होतं. तिनं तो सल्ला उघडून पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"उकळून, गाळून प्यावे."

सर तेवढ्यात परत आले होते. सगळ्यांच्या देखत रोहिणीनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. फोन एका बाईनं उचलला. सुग्रीवची बायको, पंकजा. मालक शेतात गेले होते.

"ताई, मी परभणीहून बोलतेय. तुमच्या मोसंबीच्या पानांचा जो कागद आला होता ना..."

"हां हां, आला की. त्यात लिवल्यापरमानं करायलाव आमी."

रोहिणीनं घाईनं विचारलं, "काय करायलाव, ताई?"

"उकळून प्यायलाव. मोसंबीची पानं. सकाळी एक कप ह्यांना, एक कप सासूबाईला. कडू लागतंय थोडं, पन गूळ टाकला की बरं लागतंय."

रोहिणीनं कसंबसं विचारलं, "अन् काही त्रास वगैरे?"

"त्रास? उलटं सासूबाईचा खोकला गेला. आता शेजारची लक्ष्मीबाई बी पानं मागायलीय. का वो, बंद करायचं का?"

सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. राजेश्री टेबलाखाली गेली. एकट्या गोजरबाईंनी तोंड गंभीर ठेवलं होतं. त्यांनी फोनकडे वाकून सांगितलं, "बंद कर, माय. इथल्या पोरीचं चुकलंय. काढा पायजे तर तुळशीचा कर."

मग रोहिणीनं पंकजाला सगळं नीट समजावलं. झाडावर औषध मारलं असेल तर त्याची पानं काढ्यात अजिबात नकोत, हे दोनदा बजावलं. झाडांवर अजून काही मारलेलं नाही, असं पंकजा म्हणाली, तेव्हा कुठं सगळ्यांच्या जिवात जीव आला. खरा सल्ला वेगळाच होता. मोसंबीला जस्त कमी पडत होतं, आणि त्याची फवारणी या महिन्यात व्हायला हवी होती. तेही तिनं फोनवर सांगितलं आणि नवा कागद पाठवते म्हणाली. "बरं झालं सांगितलं," पंकजा म्हणाली. "पानं पिवळी पडायलीत म्हनून तर दिली होती तपासायला. मी म्हन्लंच ह्यांना, दुखनं झाडाला अन् काढा तुमी कामून पेयचा?"

फोन ठेवल्यावर मात्र कोणालाच आवरलं नाही. गोजरबाईही हसल्या. डोळ्यांना पदर लावून, पिशवीवर वाकून, पोट धरून हसल्या. "माझ्या हिरीला नांगर, तिच्या सासूला मोसंबीची पानं," त्या परत परत म्हणत होत्या. "मला वाटलं, मीच एकली हाय फजितीची!"

हसून झाल्यावर रोहिणीनं दोन्ही ओळी दुरुस्त केल्या. शेवटची लाल रेघ गेली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मग तिनं पाथरीला रामहरीला फोन केला आणि कुठं काय चुकलं होतं ते न लपवता सांगितलं. रामहरीला कोड कळत नव्हता, पण गिऱ्हाईक कळत होतं. "लोकांना सांगू, नेट बंद पडलं होतं म्हणून," तो म्हणाला. "नको," रोहिणी म्हणाली, "माझं चुकलं होतं असंच सांगा. पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, तेबी सांगा." तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "बरं. तसं गोजरबाई आता गावभर सांगनारच हायत म्हना."

नवा कागद निघाला. प्रिंटरमधून येतानाच गोजरबाईंनी तो धरला आणि रोहिणीकडे दिला. "वाच. सावकाश."

"नमुना: विहिरीचे पाणी. सल्ला: पाण्यात क्षार जास्त आहेत. कांदा व घेवडा यांना हे पाणी देऊ नये. करडई व गहू चालेल. ठिबकच्या नळ्या वेळोवेळी धुवाव्यात."

गोजरबाईंचा चेहरा उतरला. "कांदा नको?"

"कांद्याला सोसणार न्हाई, मावशी."

"रोप टाकलंय की गं मी कांद्याचं. चांगले वाफेच्या वाफे भरलेत. हीर खोल केली ती कांद्यासाठीच." जिन्याखाली टायरमधून हवा सुटल्याचा आवाज आला. रोहिणीला वाटलं, विहिरीची नांगरटच बरी होती, निदान हसता तरी येत होतं. खरा सल्ला काही सगळ्यांनाच गोड लागत नाही.

मग गोजरबाईच म्हणाल्या, "आमच्या बांधाला बांध सरजाबाईचा हाय. तिच्या हिरीचं पानी गोडं हाय. रोप तिला देते. तिच्याकडं लावू, अर्धा अर्धा." कागदाची आता त्यांनी नीट चौकोनी घडी घातली. "माझ्यात करडई. सासऱ्याच्या टायमाला करडईच व्हती त्या रानात. त्यांना कुनी कागद दिला नव्हता, तरी कळत व्हतं बघ."

सरांनी त्यांना गाडीवर बसवून स्टँडला सोडलं.

रोहिणीचं शुक्रवारचं काम शनिवारी संपलं आणि सर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. उलट पुढच्या आठवड्यात त्यांनी राजेश्रीला आणि बाहेरच्या कामावरून परतलेल्या दुसऱ्या दोघांना बसवलं आणि रोहिणीला फळ्यापुढं उभं केलं. फळ्यावर तिनं व्याख्या लिहिली नाही. आधी पंकजाचा फोन सांगितला, आणि मगच टोकदार कंस काढला.

दिवाळीनंतर रामहरीचा फोन आला. त्याला आता दूधही तपासायचं होतं. पूर्वीच्या हिशेबानं महिनाभर तरी लागेल, म्हणून तो आधीच अजीजीनं बोलत होता. रोहिणीनं बुधवारी सकाळी दुधाचा नमुना लिहिला, दुधाचा सल्लागार लिहिला, त्या रिकाम्या जागेत दूध बसवलं. अहवालाच्या कोडला तर हातही लावावा लागला नाही. एकदा तिनं मुद्दाम दुधापुढं पाण्याचा सल्लागार ठेवून पाहिला. कंपायलरनं तो लगेच हाकलून दिला.

"काय करायलीस?" सरांनी विचारलं.

"दुधात पाणी घालून बघत होते, सर. चालत नाही म्हणतोय."

बाराच्या आधी काम आटोपलं होतं. तिनं रामहरीला कळवलं, पाठीला पिशवी अडकवली आणि राजेश्रीला घेऊन जिन्यानं खाली उतरली. स्टेडियमजवळ नवीन मिसळवाला आला होता. आजपर्यंत तिकडं जायला दोघींना सवडच झाली नव्हती.